राउटर आणि स्विचमध्ये दोन केबलचा बाँड: एक लग्नसराई पार पडल्यानंतर

आधी मुद्द्याचं सांगतो. राउटर आणि स्विचमध्ये दोन केबल टाकून त्यांचा एलएसीपी बाँड केला (बाँड म्हणजे दोन केबल मिळून एक जोड, एलएसीपी म्हणजे दोन्ही टोकांनी एकमेकांशी बोलून तो जोड ठरवायची पद्धत), तरी एका मशीनचा कॉपीचा स्पीड दुप्पट होत नाही. विंडोजमध्ये पूर्वी ११२-११३ मेगाबाइट प्रति सेकंद दिसायचे, आजही तेवढेच दिसतात. केवळ त्यासाठी कोणी हा उद्योग करणार असेल तर केबलचे पैसे आणि रविवार दोन्ही वाचवा. आम्हाला बाँड वेगळ्या कारणांसाठी हवा होता. तो उपयोगी पडला, पण जिथे पडेल असं वाटलं होतं तिथे नाही.

आमचा नाशिकमध्ये लग्नाच्या फोटो-व्हिडिओ एडिटिंगचा स्टुडिओ आहे. खालच्या मजल्यावर ऑफिस, अल्बम डिझाइन, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं वायफाय आणि राउटर, मायक्रोटिकचा आरबी५००९. वर एडिटर बसतात. तिथे २४ पोर्टचा गिगाबिट स्मार्ट स्विच आणि एक नॅस, म्हणजे नेटवर्कवरची सगळ्यांची सामायिक हार्ड डिस्क. स्विचच्या कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण त्याच्याबद्दल पुढे फारसं बरं बोलणार नाहीये. आधी नेटवर्क लावून गेलेल्या माणसाने व्हीलॅन, म्हणजे त्याच केबल-स्विचवर वेगवेगळी आभासी नेटवर्कं, पाडले होते: नॅस एकात, एडिटिंगची मशीन दुसऱ्यात, कॅमेरे तिसऱ्यात, पाहुणे चौथ्यात. कागदावर देखणं. पण दोन व्हीलॅनमधली वाहतूक राउटरमधूनच जाणार, म्हणजे वरच्या नॅसमधली फाइल वरच्याच एडिटरला मिळण्याआधी खाली राउटरपर्यंत उतरणार आणि पुन्हा वर चढणार. मधे केबल एकच. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे फोर-के फुटेजचा पूर येतो. चार-पाच जण एकाच वेळी टाइमलाइन ओढायला लागले की ती केबल ठासून भरायची आणि वरून हाका सुरू व्हायच्या.

म्हणून दुसरी केबल टाकून बाँड केला. राउटरओएसमध्ये (मायक्रोटिकच्या राउटरवर चालणारी प्रणाली) काम अवघड नाही, क्रम मात्र पाळावा लागतो. मायक्रोटिकच्या मूळ सेटिंगमध्ये लॅनचे सगळे पोर्ट एकाच ब्रिजमध्ये, म्हणजे पोर्ट एकत्र जोडणाऱ्या गटात, असतात आणि ब्रिजमधला पोर्ट बाँडमध्ये घेता येत नाही. आधी दोन्ही पोर्ट ब्रिजमधून काढायचे, विनबॉक्समध्ये (राउटरच्या सेटिंगचा प्रोग्राम) इंटरफेसेसखाली बाँडिंगच्या टॅबमध्ये नवा बाँड करायचा, त्यात ते घालायचे आणि मग अख्खा बाँड ब्रिजमध्ये टाकायचा. व्हीलॅनच्या टेबलमध्येही जुन्या पोर्टच्या जागी बाँडचं नाव यायला हवं. हे राहून गेलं तर बाँड हिरवा दिसतो आणि आत काहीच चालत नाही. सगळं सेफ मोड चालू करून करा; मधेच कनेक्शन तुटलं तर राउटर केलेले बदल आपोआप मागे घेतो. शिवाय एखादा पोर्ट या सगळ्यातून बाहेर ठेवा. विनबॉक्स आयपीशिवाय नुसत्या मॅक पत्त्यावरही (नेटवर्क कार्डचा किंवा पोर्टचा स्वतःचा पत्ता) जोडतं, तेव्हा त्या पोर्टला लॅपटॉप लावून आत शिरता येतं.

मोड बदलायला विसरू नका. राउटरओएस मूळचा बॅलन्स-आरआर देतं, म्हणजे डेटाचं एक पाकीट या केबलवर, पुढचं त्या केबलवर. ऐकायला हे झकास वाटतं, कारण यात एका कॉपीलाही दोन्ही केबल मिळतात. पण पाकिटं मागे-पुढे होऊन पोचतात, पाकिटांचा हिशोब ठेवणाऱ्या टीसीपीला वाटतं काही हरवलं, आणि तो पुन्हा मागायला लागतो. आपल्याला हवा तो मोड ८०२.३एडी, म्हणजेच एलएसीपी.

हे मानक आयईईई या संस्थेचं, २००० सालचं; २००८ पासून ते ८०२.१एएक्स या नावाने आहे, पण मेनूंमध्ये अजून जुनंच नाव चालतं. त्याच्याही आधी कल्पना नावाच्या कंपनीने इथरचॅनल काढलं होतं. ती कंपनी सिस्कोने १९९४ मध्ये घेतली, म्हणून सिस्कोवाले आजही इथरचॅनलच म्हणतात. स्विचच्या बाजूला लॅगचा (स्विचच्या भाषेत बाँड म्हणजेच लॅग) गट करून त्याला एलएसीपी अ‍ॅक्टिव्ह द्या. दोन्ही टोकं पॅसिव्ह ठेवली तर दोघंही समोरच्याची वाट बघत बसतात आणि बाँड उभा राहत नाही.

बाँड उभा राहिला. दोन केबलचे आलेख शेजारी लावले तर चित्र विचित्र. राउटरकडून स्विचकडे जाणारी वाहतूक दोन्ही केबलवर जवळपास निम्मी-निम्मी, पण स्विचकडून राउटरकडे येणारी सगळी एकाच केबलवर. दुसरी जवळजवळ कोरडी. एडिटर पोरांपैकी एकाने स्क्रीनकडे बघून विचारलंच, “दादा, दोन वायर टाकल्या ना? मग एकच का पळतेय?”

सगळी मेख इथे आहे, आणि बहुतेक लोक इथेच वैतागून सोडून देतात. एलएसीपी केबल बांधून देतं. कुठलं पाकीट कुठल्या केबलवर जाईल ते ठरवत नाही. ते पाठवणारं टोक स्वतः ठरवतं, आणि दोन्ही टोकांचे निर्णय वेगळे असू शकतात. पाकिटांचा क्रम बिघडू नये म्हणून एका संभाषणाची सगळी पाकिटं एकाच केबलवर जातात. केबल निवडायची ती पत्त्यांच्या हॅशवरून, म्हणजे पत्त्यांचं गणित करून निघालेल्या आकड्यावरून. आमचा स्विच पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा मॅक पत्ता बघून हॅश काढत होता. आता नॅसमधून निघालेलं पाकीट कुठल्याही एडिटरचं असो, दुसऱ्या व्हीलॅनमध्ये जायचं म्हणून त्याच्यावर पत्ता राउटरचाच. पाठवणारा नॅस, घेणारा राउटर, जोडी एकच, त्यामुळे हॅश एकच आणि केबलही एकच. उलट राउटरकडून निघताना घेणारे मॅक प्रत्येक मशीनचे वेगवेगळे, म्हणून तिकडे वाटणी होत होती.

स्विचच्या मेनूत आयपी पत्त्यांवरून हॅश काढायचा पर्याय सापडला. तो लावल्यावर दोन्ही केबल दोन्ही दिशांनी पळायला लागल्या. आलेख सुंदर दिसायला लागले आणि एडिटरांना काडीचाही फरक पडला नाही! कारण नॅसलाही दोन केबलचा बाँड होता आणि नॅससुद्धा मॅकवरूनच हॅश काढत होता. त्याच्याकडून निघणारं सगळं राउटरच्या एकाच मॅकला, म्हणून नॅसच्या एकाच केबलवर. त्याच्या वेबपेजवर हे बदलायची सोय नाही. वाहतूक अडवणारा अरुंद गळा खाली नव्हताच, वर होता.

त्यानंतर जे केलं त्याचा बाँडशी संबंध नाही, आणि खरा फरक त्यानेच पडला. एडिटिंगची मशीन आणि नॅस एकाच व्हीलॅनमध्ये आणले. आता फाइल नॅसकडून स्विचमार्गे थेट एडिटरकडे जाते, राउटरला खबरही लागत नाही. प्रत्येक मशीनचा मॅक वेगळा असल्यामुळे नॅसचा साधा हॅशही वाटणी करतो. दोन मशीनवर एकाच वेळी आयपर्फ३ (वेग मोजायचा प्रोग्राम) चालवला तर दोघांना साधारण ९४० मेगाबिट मिळतात. अर्थात ती दोन मशीन वेगवेगळ्या केबलवर पडली तर! लिनक्सवर चालणाऱ्या नॅसमध्ये दोन केबलसाठी हे गणित फार बाळबोध असतं: दोन्ही मॅकच्या शेवटच्या अंकांचा एक्सऑर (बिट सारखे की वेगळे ते बघणारी क्रिया) करून सम की विषम एवढंच बघायचं. आमची सगळ्यात जास्त काम करणारी मशीन नेमकी एकाच बाजूची निघाली. ती एकदम पळवली की एक केबल गच्च आणि दुसरी मोकळी. एका मशीनला वेगळं नेटवर्क कार्ड लावलं आणि वाटणी बरीच सुधारली. थोडक्यात, मशीन कमी असतील तर वाटणी नशिबाची. पंधरा-वीस असली की आपोआप जुळते. तीन केबल लावूनही समान तुकडे होतीलच असं नाही. सिस्कोच्या अनेक स्विचमध्ये हॅशचे आठ कप्पे असतात, तीन केबलवर ते ३, ३, २ असे पडतात.

राउटरच्या बाजूला मी हॅशसाठी लेयर-२-अँड-३ ठेवला आहे, म्हणजे मॅक आणि आयपी दोन्ही पत्ते. लेयर-३-अँड-४ मध्ये प्रत्येक कनेक्शनचे पोर्ट नंबरही (केबलची भोकं नव्हेत) धरले जातात, त्यामुळे एकाच दोन मशीनमधली वेगवेगळी कनेक्शन दोन केबलवर जाऊ शकतात. मोह होतो. पण तुकडे झालेल्या पाकिटांचा क्रम त्यात बिघडू शकतो आणि मानकात ते पूर्ण बसत नाही. दोन राउटर समोरासमोर असतील तर मात्र नुसता लेयर-२ (फक्त मॅक) कधीच ठेवू नका, तिथे मॅकची जोडी एकच असते.

मग आता राउटर आणि स्विचमधला बाँड काय करतो? इंटरनेट, कॅमेरे, खालच्या अल्बम डिझायनरांची नॅसवरची ये-जा आणि रात्रीचा बॅकअप. यासाठी एक केबलही पुरली असती. दुसरीची किंमत कळते ती बिघाडात. वर फर्निचरचं काम चालू असताना सुताराने एका केबलमधून स्क्रू आरपार घातला. राउटर दर १०० मिलिसेकंदांनी पोर्टची लिंक तपासतो, सगळं लगेच दुसऱ्या केबलवर गेलं. कोणाच्या लक्षातही आलं नाही. मला लॉगमध्ये दिसलं म्हणून कळलं. लॉगचा मेल येईल अशी सोय करून ठेवाच, नाहीतर एक केबल मेली आहे हे दुसरी मरेपर्यंत कळत नाही.

स्विचची तक्रार आता सांगतो. लॅगच्या पानावर ‘अप्लाय’ दाबलं की बदल लागू होतो, पण टिकत नाही. तो कायमचा करायचं बटण भलत्याच मेनूत आहे. एकदा लाइट गेली, यूपीएसनेही मान टाकली, आणि स्विच परत आला तो लॅगशिवाय. दोन सुट्या केबल, टोकं तीच, म्हणजे लूप होऊन (पाकिटं गोल गोल फिरत राहून) सगळं बसायला हवं. बसलं नाही, कारण राउटरला समोर एलएसीपी बोलणारं कोणी दिसेना, तेव्हा त्याने एकच पोर्ट कामाला ठेवला. हेच स्टॅटिक लॅग (एलएसीपीशिवाय नुसता हाताने ठरवलेला गट) असतं तर राउटर दोन्हीवर बिनधास्त पाठवत राहिला असता आणि स्विचमध्ये एकच मॅक कधी या पोर्टवर, कधी त्या पोर्टवर उड्या मारत राहिला असता. सपोर्टवाले अजूनही म्हणतात की स्टॅटिक करा, सोपं पडतं. त्यांना पडत असेल.

स्टॅटिकचा खरा प्रताप आम्ही समोरच्या इमारतीत पाहिला. तिथे प्रिंटिंगची खोली आहे. मीडिया कन्व्हर्टरच्या (तांब्याची केबल फायबरला जोडणारे डबे) दोन जोड्या लावून फायबर नेलं आहे आणि आधी लावलेला गट स्टॅटिक होता. एका फायबरचं टोक सैल झालं, पण कन्व्हर्टरपासून स्विचपर्यंतच्या तांब्याच्या केबलवर दिवा हिरवाच. स्विचच्या मते सगळं आलबेल. प्रत्यक्षात एका मशीनला नॅस दिसतो, शेजारच्याला नाही. एक साइट उघडते, दुसरी नाही. असा अर्धवट बिघाड शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. एलएसीपीमध्ये दोन्ही टोकं एकमेकांना ठरावीक वेळाने हाक देतात: स्लोमध्ये दर ३० सेकंदांनी, फास्टमध्ये दर सेकंदाला. तीन हाका चुकल्या की ती केबल गटातून बाहेर. म्हणजे ९० सेकंद किंवा ३. तिथला छोटा स्विच बदलून एलएसीपीवाला घेतला आणि फास्ट लावला. एक बारकावा: आपण लावलेला रेट म्हणजे समोरच्याला केलेली विनंती असते, ‘मला इतक्या वेळाने हाक दे’. म्हणून तो दोन्ही टोकांना लावायचा. राउटरचा सीपीयू सतत शंभर टक्क्यांवर असेल तर मात्र फास्टच्या भानगडीत पडू नका, हाका चुकून चांगली केबलही आत-बाहेर करत राहील. आणि कन्व्हर्टर घेताना पारखून घ्या. काही स्वस्तातले आतून छोटे स्विचच असतात आणि एलएसीपीची पाकिटं पुढेच जाऊ देत नाहीत.

ओळखीतल्या लोकांकडून एक प्रश्न हमखास येतो: दोन कंपन्यांची ब्रॉडबँड कनेक्शन याच पद्धतीने जोडता येतील का? नाही. एलएसीपीला केबलच्या पलीकडे दोन्ही टोकं एकाच उपकरणावर लागतात. दोन कंपन्यांच्या लाइनसाठी राउटरमध्ये लोड बॅलन्सिंग किंवा फेलओव्हर लावावं लागतं, तो विषय वेगळा.

आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने केवळ वेगासाठी बाँडकडे जाऊ नये, असंच मी म्हणेन. एका एडिटरला जास्त वेग हवा असेल तर २.५ गिगाबिटचं कार्ड आणि तसा स्विच घ्यावा; जुन्या कॅट५ई केबलवरही ते १०० मीटरपर्यंत चालतं. आरबी५००९ वर १० गिगाबिटचा एक एसएफपी प्लस पोर्ट (फायबर लावता येतं तो) आहेच, आमच्या स्विचवर नाही म्हणून तो रिकामा पडलाय. पुढच्या हंगामाआधी स्विच बदलायचं मालकांनी कबूल केलंय. तेव्हा दोन मजल्यांमध्ये फायबर टाकून १० गिगाबिट मुख्य करणार. आत्ताच्या दोनपैकी एक तांब्याची केबल तशीच राहील, अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप मोडमध्ये, म्हणजे मुख्य तुटली तरच ती कामाला लागेल. एलएसीपीच्या एका गटात सगळ्या केबल एकाच वेगाच्या लागतात, अ‍ॅक्टिव्ह-बॅकअपला ती अट नाही, आणि त्यासाठी स्विचमध्ये लॅगचं पान उघडायचीही गरज नाही. ऐन हंगामात बॅकअपवर, म्हणजे एक गिगाबिटवर आलो तर पोरं ओरडतील, पण काम थांबणार नाही. उरलेली दुसरी केबल सुतारासाठी.