रेनॉक्स डीसीआर-२५० : फाल्गुन ते वैशाख वापरल्यानंतर

ही मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून किडे मोठे टिपणारी लेन्स, नव्हे. असलेल्या लेन्सच्या तोंडावर चिमटा लावून बसवायचं आठ डायऑप्टर ताकदीचं भिंग आहे. लेन्सची फिल्टर साइझ (तोंडावरच्या आट्यांचा व्यास) ५२ ते ६७ मिमी असली की बसतं. माझ्याकडे कॅननची ५५-२५० मिमीची झूम लेन्स (एसटीएम) आणि एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरची, बॉडी आहे, त्यामुळे अनुभव त्या जोडीपुरता.

विकत घेण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी. लेन्सचा फोकस अनंतावर, म्हणजे सर्वांत लांबच्या टोकावर, असेल तर किडा भिंगापासून साधारण बारा-साडेबारा सेंटिमीटरवरच लागतो. झूम फिरवला की आकार बदलतो, अंतर तेच राहतं. झूम १२५ मिमीवर असताना किडा सेन्सरवर आहे तेवढाच उमटतो, २५० वर दुप्पट. म्हणजे पूर्ण चौकटीत जेमतेम अकरा मिलिमीटर रुंदीचं जग मावतं. ५५ वर कोपरे काळे पडतात. तिथे हे भिंग वापरायचं कारणही नाही.

या बारा सेंटिमीटरांनीच माझे विषय ठरवले. उन्हात तापलेलं फुलपाखरू इतक्या जवळ येऊ देत नाही. नाशिकला पांडवलेणीच्या पायथ्याला नेहरू वनोद्यानात हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू दिसलं की भिंग सरळ खिशात टाकते आणि नुसत्या ५५-२५० ने लांबून काढते. ती ८५ सेंटिमीटर इतक्या जवळचं फोकस करते, फुलपाखराला तेवढं पुरतं.

भिंगाची खरी कमाई इंदिरानगरच्या माझ्या अंगणात झाली. कडीपत्त्यावर मुंग्यांच्या रांगेशेजारी एक ‘मुंगी’ जरा वेगळी चालत होती. २५० वर पाहिलं तर समोर दोन टपोरे डोळे! मुंगीचं सोंग घेणारा उड्या मारणारा कोळी. आठांपैकी पुढचे दोन पाय वर धरून मिशांसारखे हलवतो, म्हणून नुसत्या डोळ्यांना सहाच पाय दिसतात. पाच-सहा मिलिमीटरचा जीव, पण निम्मी चौकट भरली.

मग लिंबाचं झाड. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू झालेल्या नीलवंताच्या अळ्याही लिंबूवर्गीय झाडांवर वाढतात, म्हणून आशेने रोज पानं उलटून बघायचे. निघाली लिंबाळी या दुसऱ्या फुलपाखराचीच. तिची लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. शेजारच्या आजी कुंपणावरून म्हणाल्या, “अगं, घाणीचे कसले फोटो काढतेस? औषध मार त्या झाडावर.” कात टाकत टाकत अळी हिरवी झाली, डिवचल्यावर डोक्यामागून दुभंगलेलं शिंग बाहेर काढू लागली, तेव्हा त्याच आजी स्क्रीनवर बघायला आल्या. औषध अजून मारलेलं नाही.

आता तंत्राचं. ऑटोफोकस बंद. स्वतःच मुंगीच्या पावलाने पुढे-मागे व्हायचं आणि डोळा धारदार दिसला की बटण दाबायचं. अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) एफ/११ इतकं लहान केलं तरी स्पष्टतेची पट्टी मिलिमीटरपेक्षा कमी जाडीची असते, त्यामुळे बरेच फोटो डिलीट करावे लागतात. अॅपर्चर आणखी बंद करून फार हाती लागत नाही, विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने, सगळाच फोटो मऊ पडतो. कॅमेऱ्यावरचा पॉप-अप फ्लॅश निरुपयोगी; लांब झालेल्या लेन्सची सावली नेमकी किड्यावर पडते. स्पीडलाइट, म्हणजे वेगळा बसवायचा फ्लॅश, हवाच, आणि त्यापुढे प्रकाश मऊ करणारा डिफ्यूझर. ऑनलाइन मागवलेला एक स्वस्त डिफ्यूझर एप्रिलच्या उन्हात चिकट होऊन गेला. सध्या पॅकिंगमधला पांढरा फोम रबरबँडने बांधते, कोळ्याच्या डोळ्यात त्याचं प्रतिबिंब जास्त छान येतं.

वेळ सूर्योदयाच्या आसपासचीच. फाल्गुनात नाशिकची सकाळ गार असते, किडे सुस्त असतात, चतुरांच्या पंखांवर दवही मिळतं. चैत्र उजाडला की ही सवलत संपते. वारा सुटला तर कॅमेरा पिशवीत घालावा. दुप्पट आकारात हलतं पान पकडणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. द्राक्षबागांच्या बांधावर मात्र फेऱ्या मारू नका. फवारणीमुळे तिथे फारसं काही मिळत नाही, आणि ते औषध अंगावर घेण्यातही शहाणपण नाही.

फुलपाखरं आणि चतुर हेच मुख्य वेड असेल तर पैसे साठवून लांबून काम करणारी खरी मॅक्रो लेन्स घ्या. कोळी, अळ्या, मावा (पानांवरचे बारीक किडे), अंडी यांच्यात रमणाऱ्यांनी मात्र मोठा खर्च करण्याआधी हे लावून एक वसंत काढावा. मी तरी पावसाळ्यापर्यंत दुसरं काही घेणार नाहीये.