मिचेल ३००: जुने रीळ आणि नव्या मालकांचे नाव

माजलगाव धरणावर किंवा गोदावरीच्या डोहात सायप्रिनस आणि कटला या माशांसाठी गळ टाकणाऱ्या माणसाला मिचेल या नावाखाली दोन अगदी निराळ्या वस्तू मिळू शकतात. एक म्हणजे फ्रान्समध्ये तयार झालेले, आता केवळ वापरलेलेच मिळणारे मिचेल ३०० हे रीळ, म्हणजे काठीवर बसवून दोरी गुंडाळण्याचे यंत्र. दुसरी म्हणजे याच नावाने आज विकली जाणारी हलकी, आधुनिक रिळे. पहिली वस्तू सावकाश आणि जड असली, तरी माझ्या मते अजूनही विकत घेण्यासारखी आहे. दुसरी कामाला पुरेशी आहे, परंतु तिच्यासाठी नावापोटी एक रुपयाही जादा मोजू नये.

फ्रान्सच्या आल्प्स पर्वतातील क्लूज हे गाव घड्याळांचे सुटे भाग आणि बारीक कातकाम यांसाठी प्रसिद्ध होते. तिथल्या कार्पानो एट पोन्स या कारखान्याने दुसऱ्या महायुद्धानंतर मिचेल रिळे मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये कार्प पकडण्याचा छंद वेगळे वळण घेत होता. १३ सप्टेंबर १९५२ रोजी रिचर्ड वॉकर या गळवाल्याने रेडमायर तलावात ४४ पौंडांचा, म्हणजे जवळपास २० किलोंचा कार्प पकडला आणि हा मासा गळाने काढता येत नाही हा समज मोडीत निघाला. पुढची दोन-अडीच दशके तिथल्या कार्पवाल्यांच्या काठीवर बहुधा मिचेल ३०० असे. आपल्याकडचा सायप्रिनस हा त्याच मूळ जातीचा, म्हणजे कार्पच आहे. १९३९ मध्ये तो श्रीलंकेतून निलगिरीत आणला गेला आणि १९५७ मध्ये बँकॉकहून आणलेला वाण पुढे मैदानी तलावांत पसरला. तेव्हा त्या रिळाचे गुणदोष आपल्या पाण्यालाही लागू पडतात.

कार्प हा झटका देऊन थांबणारा मासा नव्हे. गळ लागल्यावर तो संथ, परंतु न थकता लांबवर ओढत नेतो. अशा वेळी रिळाच्या वेगापेक्षा तंगूस (गळाची दोरी) किती समान ताणाने सुटतो याला महत्त्व असते. मिचेल ३०० चे फिरणे आजच्या रिळांच्या मानाने मंद आहे; मात्र शेंगदाणा पेंड आणि कणकेचा गोळा तळाशी ठेवून बसणाऱ्याला त्याची अडचण भासत नाही. उलटी फिरकी अडवणारी छोटी कळ सोडली, की मासा ओढत असताना मूठ उलट फिरवून हाताच्या अंदाजाने तंगूस देता येतो, आणि मोठ्या सायप्रिनसच्या बाबतीत मला ही पद्धत कोणत्याही ड्रॅगपेक्षा, म्हणजे ताण वाढला की तंगूस आपोआप सोडणाऱ्या ब्रेकपेक्षा, अधिक विश्वासाची वाटते. स्पूलवरील (तंगूस गुंडाळलेल्या फिरकीवरील) बटण दाबले की ड्रॅग न बिघडता स्पूल निघतो, त्यामुळे कटल्यासाठी जाड आणि रोहूसाठी बारीक तंगूस अशी अदलाबदल बांधावर बसूनच होते. काही स्क्रू काढले, की संपूर्ण यंत्र उघडे पडते आणि दाते, दांडे, पट्ट्या डोळ्यांनी समजतात. शिलाई मशीनच्या तेलावर ते वर्षानुवर्षे चालते.

उणिवाही सर्वज्ञात आहेत. तंगूस स्पूलवर वळवणाऱ्या तारेच्या कमानीची स्प्रिंग हे या रिळाचे दुबळे अंग असून ती तुटली, की कमान आपोआप मिटत नाही. जुन्या स्पूलला बाहेरून झालर नसल्याने सैल तंगूस स्पूलच्या मागे जाऊन दांड्याभोवती गुंडाळला जातो, विशेषतः उन्हाळ्यातील वाऱ्याच्या दिवशी. शिवाय मासा लागेपर्यंत कमान मिटलेली ठेवून तंगूस मोकळा सोडण्याची सोय यात नाही. इंग्लंडमध्ये त्यासाठी कमान उघडी ठेवून तंगुसावर चांदीचा कागद अडकवत, म्हणजे तो हलला की मासा लागल्याचे कळे. आपण काठीच्या टोकाला घुंगरू बांधतो.

नेमक्या याच उणिवेवर ऐंशीच्या दशकात शिमानो या जपानी कंपनीच्या बेटरनर रिळांनी बोट ठेवले. कमान मिटलेली असतानाही एका कळीने स्पूल मोकळा करणारी ही योजना कार्पवाल्यांनी उचलून धरली आणि मिचेलची जागा गेली. त्याआधीच अमेरिकेत मिचेलची विक्री सांभाळणारी गार्सिया कंपनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दिवाळखोरीत निघाली होती. पुढे मिचेल अमेरिकेच्या जॉन्सन समूहाकडे आणि २००० मध्ये प्युअर फिशिंगकडे गेले. प्युअर फिशिंग स्वतः २००७ मध्ये जार्डन कंपनीकडे, २०१६ च्या विलीनीकरणातून न्यूवेल कंपनीकडे आणि २०१८ मध्ये सायकामोर पार्टनर्स या गुंतवणूक संस्थेकडे गेली. आबू गार्सिया, शेक्सपिअर, पेन आणि हार्डी ही मासेमारी साहित्याची, एकेकाळी परस्परांशी झुंजणारी नावेही याच कंपनीच्या छत्राखाली जमा झाली आहेत, ही गोष्ट जाहिरातीतील ‘परंपरा’ या शब्दाकडे पाहताना ध्यानात ठेवावी.

नव्या मिचेल रिळांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. एव्होसेट मालिकेत मोकळ्या स्पूलची सोय असलेला प्रकार आहे, वजन कमी आहे आणि पहिल्यांदाच रीळ घेणाऱ्याला ते सोपे जाते. परंतु अक्षरे झाकली, तर त्याच किमतीच्या इतर रिळांपासून ते ओळखता येणार नाही.

ज्याला वर्षातून थोड्या वेळा, तेही मच्छीमार संस्थेची परवानगी घेऊन निवांत बसायचे आहे, त्याने कोणतेही मध्यम किमतीचे मोकळ्या स्पूलचे रीळ घ्यावे. ज्याला यंत्र उघडून साफ करण्याची आवड आहे, त्याने जुने ३०० शोधावे. घेताना मूठ सावकाश फिरवून दाते खरखरतात का ते पाहावे, कमान अनेकदा उघडझाप करावी, स्पूलची कड नखाने तपासावी आणि एखादी जादा स्प्रिंग सोबत मागून घ्यावी. मूठ उजव्या हाताने फिरवण्याची सवय असलेल्यांनी ३०० ऐवजी ३०१ मागावे. यंत्र तेच आहे, केवळ बाजू बदललेली आहे.