पितळेच्या भावात सिमेंट घेतलं

लिहायला जरा लाजच वाटतेय, कारण भाजी घेताना पण काट्यावरची नजर न हलवणारी बाई म्हणून मी सोसायटीत प्रसिद्ध आहे, आणि इथे मी पाच किलो विठोबा घेऊन आले ज्यातले तीन किलो सिमेंट-वाळू निघाली. पण दिवाळीच्या आधी परत सगळीकडे हस्तकलेची प्रदर्शनं लागतील आणि माझ्यासारखंच कोणीतरी नव्या घरासाठी देव बघत फिरत असेल, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

झालं असं की आम्ही पुण्यातच नव्या फ्लॅटमध्ये आलो आणि सासूबाईंची एकच मागणी होती, देव्हारा नीट हवा आणि त्यात विठोबा फूटभर तरी हवा. आधीची मूर्ती बोटभर, तीही त्यांच्या माहेरची, आता डोळ्यांना नीट दिसत नाही म्हणतात. अक्षय्य तृतीयेच्या आधी एका हॉलमध्ये प्रदर्शन लागलं होतं, तिथे एका स्टॉलवर पितळेच्या मूर्ती, समया, लाकडी कोरीव देव्हारे, चौरंग असं सगळं. माणूस एकदम गोड, दर वाक्याला 'माउली'. मूर्ती मुरादाबादच्या म्हणे, पितळेचं काम तिथे मोठं आहे हे ऐकून होते त्यामुळे ते पटलं. पुढे म्हणाला की ही मेणाच्या साच्यातली आहे, साचा फोडूनच मूर्ती बाहेर काढतात त्यामुळे हिच्यासारखी दुसरी होणार नाही. आता मेणाच्या साच्याची पद्धत खरीच आहे, तमिळनाडूत स्वामीमलईला अजून तसं ओततात, मेण वितळून जातं आणि मातीचा साचा फोडावाच लागतो. म्हणजे तो खोटं बोलत होता ते असं, की माहिती खरी पण ती या मूर्तीची नाही. हे मला फार नंतर कळलं.

मी काही डोळे झाकून घेतली नाही हो. मी विचारलं भरीव आहे का पोकळ. त्याने स्वतःहून खिशातून लोहचुंबक काढलं आणि विठोबाच्या पाठीला लावून दाखवलं, चिकटलं नाही. मग बोटाच्या पेराने टकटक केलं, बद्द आवाज आला, म्हणे 'बघा माउली, पोकळ असती तर घंटेसारखी वाजली असती की नाही?' मग हातात दिली. आणि तिथेच मी संपले. अहो काय जड! दोन्ही हातांनी धरावी लागली. सासूबाई तर 'हे असं पाहिजे' म्हणाल्या आणि तिथेच नमस्कार केला, आता सासूबाईंनी हात जोडल्यावर घासाघीस कोण करणार.

काट्यावर ठेवली, ५ किलो २०० ग्रॅम. भाव १४५० रुपये किलो, झाले ७५४०. नवरा आपला हुशार, म्हणाला काटा बरोबर आहे ना, आणि शेजारच्या स्टॉलच्या काट्यावर नेऊन परत वजन केलं. तेवढंच भरलं. काटा अगदी बरोबर होता! त्यात काही गडबड नव्हतीच.

सोबत देव्हारा पण तिथलाच घेतला, 'अस्सल सागवानी', १४ हजार. दोन्हीचे मिळून साडेएकवीस हजारांच्या आसपास दिले, स्कॅन करून. कागद मिळाला त्यावर 'मूर्ती १ नग, मंदिर १ नग' एवढंच आणि वर छापलेलं 'अंदाजपत्रक'. आणि एक लॅमिनेट केलेलं कार्ड, सोनेरी अक्षरात 'शंभर टक्के शुद्ध पितळ'. मी ते कार्ड कौतुकाने देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. पितळ मुळात तांबं आणि जस्ताचं मिश्रण, त्यात शंभर टक्के शुद्ध काय असतं हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. सोन्याला हॉलमार्क असतो तसा पितळेला काही नसतो, त्यामुळे असली कार्डं कोणीही छापू शकतो.

दोन महिने काही नाही. रोज ओल्या फडक्याने पुसायचं, फूल वाहायचं. आषाढीला सासूबाईंनी पहिल्यांदा नीट अभिषेक केला, परातीत मूर्ती उभी करून पंचामृत, मग पाणी, विष्णुसहस्रनाम होईपर्यंत मूर्ती पाण्यातच. मग पुसून लाल वस्त्रावर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी फूल बदलायला मूर्ती उचलली तर विटेच्या खाली लाल कापडावर राखाडी वर्तुळ. मला वाटलं पंचामृत नीट धुतलं गेलं नाही. पुसलं. संध्याकाळी परत, आणि आता त्याच्यात बारीक खर, बोटाला लागणारी. सासूबाईंनी ती बोटात चोळून बघितली आणि म्हणाल्या, 'अगं ही तर गवंड्याच्या घमेल्यातली.' त्यांचं लहानपण वडिलांच्या बांधकामांवर गेलंय, त्यांना वासाने पण कळतं.

मग उलटी केली. पायाखालच्या विटेला खालून पातळ पत्रा डाख देऊन, म्हणजे वितळलेल्या धातूने जोडून, बसवलेला, वरून काळा रंग, आणि एका कोपऱ्यात डाख सुटून केसाएवढी फट. तिथून पाणी आत गेलं होतं.

मुलगी नववीत आहे, ती लगेच आर्किमिडीज घेऊन बसली. म्हणाली आई हे घरीच करता येतं. खालची फट सेलोटेपने बंद केली, मोठं पातेलं काठोकाठ भरून परातीत ठेवलं, मूर्ती दोरीने हळूहळू पूर्ण बुडवली आणि सांडलेलं पाणी मापाच्या भांड्याने मोजलं. साधारण १ लिटर ६५० मिली भरलं. आता पितळेचा एक घन सेंटिमीटर तुकडा साधारण साडेआठ ग्रॅमचा असतो. म्हणजे ५ किलो २०० ग्रॅम पितळ असेल तर पाणी सव्वासहाशे मिलीच्या आत सांडायला पाहिजे. आणि उलटं बघितलं तर एवढ्या आकाराची मूर्ती खरंच भरीव असती तर ती चौदा किलो भरली असती! फूटभर उंच भरीव पितळ दोन हातात घेऊन मी पार्किंगपर्यंत गप्पा मारत चालत आले, तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. पण कोणाला कल्पना असते हो चौदा किलोची.

खात्री करायला कसब्यातल्या तांबट आळीत गेले. तिथले काका आधी म्हणाले, 'आम्ही ठोकणारे, ओतकाम आमचं नाही', ते तांब्याच्या भांड्यावर मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोकून ठसे उमटवायचं काम, करतात, पण मूर्ती हातात घेऊन दोनच वेळा बोटाने वाजवली आणि हसले. सुटलेल्या कोपऱ्यातून छिन्नी घालून पत्रा उचकटला. आत घट्ट ठासलेलं सिमेंट-वाळूचं कच्चं मिश्रण, पाणी पोचलं होतं तिथे चिखल. त्यांनी सगळं खरवडून काढलं, मी ते पिशवीत भरून घेतलं. उरलेला विठोबा काट्यावर ठेवला, २ किलो १०० ग्रॅम. म्हणजे ३ किलो १०० ग्रॅम सिमेंट-वाळू मी १४५० च्या भावाने घेतली, ४४९५ रुपये. आमच्या बिल्डरने पण एवढं लावलं नाही.

काकांनी एक गोष्ट सांगितली ती महत्त्वाची. मूर्ती पोकळ असणं ही फसवणूक नाही. मोठ्या मूर्ती पोकळच ओततात, नाहीतर कोणाला परवडणार आणि कोण उचलणार. फसवणूक ही की पोकळ ओतून आत भर घालायची, तोंड बंद करायचं आणि किलोवर विकायचं. आपल्या बोरमाळेच्या मण्यात पण लाख असते, पण सोनार ते सांगतो आणि सोन्याचे पैसे वेगळे घेतो. आणि तो बद्द आवाज, ज्याच्यावर मी फिदा झाले, तो भर असल्यामुळेच होता. रिकामी केल्यावर मूर्ती काय छान वाजते! लोहचुंबकाचं पण तसंच, ते लोखंडासारखे मोजकेच धातू पकडतं. जस्त, ॲल्युमिनियम, सिमेंट, कशालाच चिकटत नाही. त्यामुळे विक्रेता स्वतःहून लोहचुंबक काढून दाखवतो तेव्हा तो काय सिद्ध करतोय तेवढं बघा.

घरी येऊन प्रदर्शनाच्या दिवशीचे फोटो उघडून बघितले. मी सासूबाईंचा मूर्तीसोबत फोटो काढला होता, त्यात मागे टेबलावर अजून तीन विठोबा उभे. झूम केलं तर आमच्या विठोबाच्या डाव्या कोपराखाली मसुराच्या डाळीएवढा खड्डा आहे, मला वाटलं होतं हातकामाची खूण. तिघांनाही त्याच जागी तोच खड्डा. म्हणे हिच्यासारखी दुसरी होणार नाही.

देव्हाऱ्याचं थोडक्यात सांगते, त्याचा आता संताप पण येत नाही. पावसाळ्यात कलश ठेवतो तिथली फळी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी फुगली. सुतारकाकांनी बिजागरीचा एक स्क्रू काढला तर भोकातून तपकिरी पीठ आलं, लाकडाची कीस नाही. एमडीएफवर, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर, सागाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला. आणि इथे पण मी वजनालाच भुलले होते, कारण एमडीएफ बऱ्याचदा सागापेक्षा जड भरतो! काका म्हणाले फळीची कड बघायची, वरच्या रेषा कडेवर वळून आल्यासारख्या दिसल्या पाहिजेत, पापुद्र्याच्या रेषा काठाशी अचानक थांबतात. कडेवर पट्टी मारून झाकलं असेल तर ड्रॉवर ओढून मागची, तळाची बाजू बघा, तिथे कोणी पॉलिश करत बसत नाही. महिरपीवरचे दोन मोर पण मशीनचे, डावा-उजवा अगदी आरशातले, हाताने कोरलेले दोन मोर इतके सारखे येतच नाहीत.

बरं त्याच स्टॉलवर एक काळपट अन्नपूर्णा पण होती, 'वाड्यातली, दीडशे वर्षं जुनी', १८ हजार. नशीब तिच्या वाटेला गेलो नाही. जुनी वगैरे कोणी सांगितलं तर एवढं माहीत असू द्या की शंभर वर्षांवरची मूर्ती १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू धरली जाते, तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि घेणाऱ्याला पण नोंदणीचं बघावं लागतं. म्हणजे तो खरं बोलत असेल तर तुम्ही गोत्यात आणि खोटं बोलत असेल तरी तुम्हीच.

तक्रारीचं काय झालं विचाराल तर, १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. नीट बोलले, पण पहिला प्रश्न बिल आहे का आणि विक्रेत्याचा पत्ता काय. माझ्याकडे अंदाजपत्रक, त्यावर 'पितळ' हा शब्दच नाही, 'सागवान' नाही, पत्ता नाही. पैसे गेले ते दुकानाच्या नव्हे, कोणाच्या तरी वैयक्तिक खात्यात. मोबाईल बंद. हॉल भाड्याने देणारे म्हणतात प्रदर्शनवाल्यांना विचारा, प्रदर्शनवाले म्हणतात आम्ही फक्त टेबल देतो. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पण नाही, पण नोटीस पाठवायची कुठे? प्रदर्शनवाल्यांना लेखी पत्र दिलंय स्टॉलधारकाचा पत्ता द्या म्हणून, दोन आठवडे झाले. त्यामुळे बिलावर धातूचं नाव, वजन, 'भरीव' का 'पोकळ', लाकडाचं नाव हे सगळं लिहून घ्या आणि लिहायला नको म्हणाला तर मूर्ती खाली ठेवा, सासूबाईंनी नमस्कार केलेला असला तरी.

मूर्तीचं काय करायचं यावर घरात दोन दिवस चर्चा. नवरा म्हणाला मोडीत देऊ. सासूबाई म्हणाल्या, 'पोटात काय भरलंय ते त्याला विचारून भरलं का?' आणि विषय संपवला. तांबट आळीतल्या काकांनी पत्रा परत बसवला नाही, तळ उघडाच ठेवलाय, चिंचेने घासली की आतून पण धुता येते. सिमेंटची पिशवी मात्र मी पुरावा म्हणून माळ्यावर ठेवलीय, त्यावर मार्करने तारीख आणि वजन लिहून.

फूटभर उंचीचा विठोबा, कमरेवर हात, विटेला खालून काळा रंग. कुठल्या प्रदर्शनात दिसला तर आधी डाव्या कोपराखाली बघा, मसुराएवढा खड्डा असला तर विकत घेऊ नका, फक्त स्टॉलवरच्या बॅनरचा आणि माणसाचा एक फोटो काढा आणि मला पाठवा. नोटिशीला पत्ता हवाय.