चेहरा ओळखणारं गेट: औषधांच्या स्टोअरला हवंच, आयसीयूला नको

आमच्या हॉस्पिटलमध्ये चेहरा ओळखून उघडणारे गेट बसवून बराच काळ झालाय, नव्याची नवलाई संपलीये, त्यामुळे आता सरळ लिहिते. मी वॉर्डात सिस्टर आहे, दिवसभर यातूनच ये-जा असते. कंपनीचं नाव देत नाही, कारण माझं भांडण मशीनपेक्षा ती कुठे बसवलीये याच्याशी जास्त आहे.

स्टाफ एन्ट्री आणि औषधांचं स्टोअर, या दोन ठिकाणी मस्त चालतं. हातात फाईली असोत नाहीतर ग्लोव्ह, चालता चालता कॅमेऱ्याकडे बघितलं की फ्लॅप उघडतात. आधीचं अंगठ्याचं मशीन आठवलं तरी डोकं फिरतं, सॅनिटायझरने सुकलेली बोटं त्याला पटायचीच नाहीत आणि वर सगळ्यांनी त्याच एका काचेवर बोट टेकवायचं, तेही हॉस्पिटलात! कार्ड होती तेव्हा एकाचं कार्ड दुसऱ्याच्या खिशात, जिथे मॉर्फिन ठेवतात तिथे हे कसं चालेल? आता कोण कधी आत गेलं ते नोंदीत सापडतं. आमच्या एका वॉर्डबॉयने हौसेने मोबाईलवर दुसऱ्याचा फोटो धरून बघितला, नाही उघडलं, कारण कॅमेरा इन्फ्रारेडनेही बघतो आणि त्यात मोबाईलच्या स्क्रीनवर चेहरा उमटतच नाही.

आता मास्क. ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) बाहेर टोपी, मास्क, कधी चष्म्यावर वाफ, म्हणजे गेटला दिसतात फक्त भुवया. मग गोल लाल दिवा लागतो, माणूस मास्क हनुवटीवर ओढतो, हिरवा होतो, मग त्याच हाताने मास्क परत वर. इन्फेक्शन कंट्रोलवाल्या मॅडम हे बघून रोज चिडतात. २०२० मध्ये अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने चेहरा ओळखणारे कोविडआधीचे अल्गोरिदम (सॉफ्टवेअर) फोटोंवर डिजिटल मास्क चढवून तपासले होते, तेव्हा त्यातले चांगले म्हणवणारेसुद्धा ५ ते ५० टक्के वेळा त्याच माणसाला ओळखायला चुकले होते. नंतरचे सुधारलेत, मान्य, पण आमच्याकडे कुठलं व्हर्जन आहे हे विचारलं तर सपोर्टवाला म्हणतो ‘लेटेस्ट’, बास. तक्रारी वाढल्या की तो थ्रेशोल्ड, म्हणजे चेहरा किती जुळला की गेट उघडायचं ती मर्यादा, खाली आणतो, मग आमचं काम सुटतं पण भलत्याच माणसाला हिरवा दिवा मिळायची शक्यता वाढते, आणि परत कडक केलं की आपलीच माणसं बाहेर. याचा निर्णय सपोर्टवाल्याने परस्पर घ्यायचा नसतो, पण घेतो तोच.

आयसीयूच्या कॉरिडॉरला तर हे गेट बसवायलाच नको होतं. कोड ब्लू, म्हणजे पेशंटचं हृदय किंवा श्वास थांबल्याचा इशारा, झाला की चार माणसं धावत येतात, त्यातला एखादा दुसऱ्या बिल्डिंगमधला डॉक्टर ज्याचा चेहरा इथल्या सिस्टीममध्ये चढवलेलाच नाही, मागून इमर्जन्सी औषधांची ट्रॉली (क्रॅश कार्ट), आणि गेटला वाटतं की एकाच्या मागून दुसरा घुसतोय, मग ते फ्लॅप मिटून पीं पीं करत बसतं. शेवटी सिक्युरिटीवाल्या काकांनी फ्लॅपच्या मध्ये खुर्ची अडकवून ठेवली, आणि त्यांचं अजिबात चुकलं नाही. एवढे पैसे घालून शेवटी राखण खुर्चीच करतेय. तिथे नेहमीचा दरवाजा, कार्ड आणि आतून-बाहेरून हाताने दाबायचं मोठं बटण पुरे.

नातेवाईकांचेही चेहरे घेतात, हे मला पटत नाही. ज्याचा बाप आत व्हेंटिलेटरवर आहे तो काउंटरवर ‘फोटो नको’ म्हणणार आहे का? म्हणे फोटो ठेवत नाही, फक्त आकड्यांचा साचा ठेवतो. ठीक आहे, पण डिस्चार्जनंतर तो पुसता का, कोण पुसतं, याचा बोर्ड कुठेच नाही. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा कुठून बदलायचा? त्यांना मनगटावरचा क्यूआर पट्टा द्या, झालं.

स्टोअरला पाच स्टार, स्टाफ एन्ट्रीला चार (सकाळी काचेतून ऊन थेट कॅमेऱ्यावर येतं तेव्हा रांग लागते), ओटीला दोन, आयसीयूला शून्य देता येत नाही म्हणून एक.

तुमच्याकडे घ्यायचं चाललं असेल तर एसी लॉबीतल्या डेमोवर जाऊ नका, शिफ्ट बदलताना मास्क-टोपी घालून, स्ट्रेचर ढकलत आणि व्हीलचेअरवर बसून आत जाऊन दाखव असं विकणाऱ्याला म्हणा. आणि फायर अलार्म वाजवून, लाईट घालवून गेट आपोआप उघडतात का ते सही करायच्या आधीच बघा, ब्रोशरमध्ये सगळ्यांचेच उघडतात.