गाई-म्हशींचा अल्ट्रासाऊंड: प्रशिक्षण घेऊन काही महिने गोठ्यात वापरल्यावर

पशुवैद्यक पदवीचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. तरीही नव्या डॉक्टरचा गुदमार्गी तपासणीचा हात जेमतेम बसलेला असतो आणि प्रोब (गुदमार्गातून आत धरायचा अल्ट्रासाऊंडचा दांडा) तर क्वचितच हाती आलेला असतो. म्हणून अल्ट्रासाऊंडच्या लहान मुदतीच्या प्रशिक्षणांकडे ओढा असतो. आमचं मत: जरूर घ्या, पण गाभण गाय ओळखता यावी एवढ्यासाठी नको. दोन महिन्यांचा गाभ सरावलेल्या हाताला तसाही कळतो. मशीनचा पैसा वसूल होतो तो रिकामी गाय लवकर सापडण्यात.

हिशोब साधा आहे. रेतनानंतर गाय माजावर आली नाही की मालक ती गाभण धरून चालतो. हाताने तपासणी साधारण ७५ व्या दिवशी झाली आणि गाय रिकामी निघाली, तर २१ दिवसांचे तीन माज हुकलेले असतात. प्रोबवर तीच गाय ३० व्या दिवशी पकडता येते. त्या वेळी बीजांडकोषही दिसत असल्याने पुढचा उपचार त्याच फेरीत ठरतो.

प्रशिक्षणातला सर्वांत उपयोगी भाग म्हणजे कत्तलखान्यातून आणलेल्या जननेंद्रियांवरचा सराव. टबात पाणी घ्यायचं, त्यात अवयव पूर्ण बुडवायचा, हवेचे बुडबुडे झटकायचे आणि पाण्यातूनच प्रोब फिरवायचा. पडद्यावर फॉलिकल (बीज असलेली द्रवाची पुटकुळी) मोजायचा आणि मग बीजांडकोष कापून पट्टीने पडताळायचा. हे दहा-बारा वेळा झालं की काळं म्हणजे द्रव, पांढरं म्हणजे हाड किंवा हवा, करडं म्हणजे मांसल भाग हे डोळ्यात पक्कं बसतं. महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी असल्याने हे अवयव म्हशीचेच असतात. ते एका परीने बरंच आहे. म्हशीचा बीजांडकोष लहान आणि तिचा सीएल (कॉर्पस ल्युटिअम, बीज सुटल्यावर तिथे बनणारी गाठ) अनेकदा आत दडलेला, त्यामुळे त्यावर हात बसला की गाय सोपी वाटते. तक्रार एवढीच की बहुतेक ठिकाणी या सरावाला अर्धा दिवस देतात आणि उरलेला वेळ स्लाइड्समध्ये जातो. प्रवेश घेण्याआधी एकच विचारा: एका प्रोबमागे किती जण? चारपेक्षा जास्त असतील तर पैसे जपून ठेवा.

जिवंत जनावरावर क्रम मोडू नये. खोड्यात नीट बांधा. शेण पूर्ण काढा, कारण प्रोब आणि आतड्याच्या भिंतीमध्ये शेण किंवा हवा राहिली की पडद्यावर नुसते पट्टे दिसतात, आणि नवशिका लगेच मशीनला नावं ठेवतो. ५ ते ७.५ मेगाहर्ट्झचा लिनियर प्रोब घ्या. आवरणाच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे जेल लावा. प्रोबचा चेहरा खाली ठेवून आधी मूत्राशय शोधा, मग गर्भाशयमुख, मग गर्भाशयाचं एक शिंग (गर्भाशयाची एका बाजूची वळलेली फांदी) टोकापर्यंत, तिकडचा बीजांडकोष, परत येऊन दुसरी बाजू. गर्भाशयासाठी डेप्थ ८ ते १० सेंटीमीटर, बीजांडकोषासाठी ६ च्या आसपास. गेन (चित्राचा उजळपणा) इतकाच ठेवा की मूत्राशयातली लघवी कुळकुळीत काळी दिसेल. आतडं आवळलं की हात स्थिर ठेवून थांबा, जोर करू नका. हातमोज्यावर रक्त दिसलं तर तपासणी तिथेच थांबवा.

चुका ठरावीक जागी होतात. पहिली, मूत्राशयालाच गाभ समजणं. काळा पोकळ भाग मोठा आहे, पण त्याला शिंगासारखं वळण नाही आणि आत काही तरंगत नाही, तर तो गाभ नव्हे. दुसरी, माजातल्या गाईच्या गर्भाशयातला द्रव. तो थोडा असतो, सोबत मोठा फॉलिकल असतो आणि सीएल नसतो. तिसरी, पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात साठलेला पू. तिथे द्रव निखळ काळा नसून करडा असतो आणि शिंग हलवलं की आत कण घुसळताना दिसतात. सीएल टिकून असल्याने ही गाय माजावर येत नाही आणि मालकाच्या लेखी गाभणच असते. म्हणून नियम एकच ठेवा: नुसता द्रव दिसला म्हणून 'गाभण' लिहायचं नाही. गर्भ आणि त्याच्या हृदयाची फडफड दिसली पाहिजे. ३० व्या दिवशी गर्भ जेमतेम एक सेंटीमीटरचा असतो, तेव्हा हात स्थिर नसेल तर तो नजरेतून निसटतो. शंका असली तर आठवड्याने पुन्हा बघा. आणि ३० व्या दिवशी गाभण निघालेली गाय ६० च्या आसपास पुन्हा तपासा, कारण मधल्या काळात काही गर्भ गळतात आणि दोष शेवटी तपासणाऱ्यावर येतो.

बीजांडकोषाला खरा वेळ लागतो. रक्तवाहिनीचा आडवा छेद हुबेहूब फॉलिकलसारखा दिसतो. प्रोब थोडा फिरवला की वाहिनी नळीसारखी लांबते, फॉलिकल गोलच राहतो. सीएलच्या मध्यभागी काळी पोकळी दिसली की नवखे लगेच सिस्ट (बीजांडकोषावरची द्रवाची रोगट गाठ) म्हणतात, पण भोवती जाड करडी भिंत असेल तर तो बहुधा निरोगी सीएलच असतो. खऱ्या सिस्टमध्ये भिंत ३ मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर फॉलिक्युलर, जाड असेल तर ल्युटिअल. हा फरक उपचार बदलतो: पहिल्याला जीएनआरएच (बीज सुटायला लावणारं संप्रेरक), दुसऱ्याला प्रोस्टाग्लँडिन (सीएल विरघळवणारं संप्रेरक). वारंवार उलटणाऱ्या गाईंना सरसकट इंजेक्शनं देण्यापेक्षा हे एकदा बघून घेणं कितीतरी स्वस्त पडतं.

प्रोस्टाग्लँडिन देण्याआधी दोन्ही शिंगं टोकापर्यंत बघितलीच पाहिजेत. गाभण गाईला ते दिलं तर गर्भपात होतो. सीएल पाच दिवसांपेक्षा कोवळा असेल तर इंजेक्शन वाया जातं. ओव्हसिंकमध्येही (इंजेक्शनांनी बीज सुटण्याची वेळ जुळवून ठरल्या वेळी रेतन करण्याची पद्धत) प्रोस्टाग्लँडिनआधी हीच काळजी घ्या: ० व्या दिवशी जीएनआरएच, ७ व्या दिवशी प्रोस्टाग्लँडिन, ९ व्या दिवशी पुन्हा जीएनआरएच आणि त्यानंतर १६ ते २० तासांनी रेतन. प्रोस्टाग्लँडिन माणसाच्या कातडीतूनही शोषलं जातं. गर्भवती स्त्रिया आणि दम्याच्या रुग्णांनी ते हाताळू नये. ही सूचना गोठ्यातल्या बायकांना तोंडी द्यावी लागते, बाटलीवरचं कोणी वाचत नाही.

म्हशींच्या बाबतीत उन्हाळ्यात मुका माज (बाहेरून लक्षणं न दिसणारा) इतका असतो की मालकाने सांगितलेल्या लक्षणांपेक्षा पडद्यावरचा फॉलिकल भरवशाचा.

मशीनबद्दल थोडक्यात. उन्हात पडदा दिसत नाही, चष्म्यासारखा डोळ्यांवर बसणारा डिस्प्ले घेतला तर हातही मोकळा राहतो. प्रोबला स्पिरिट लावू नका, त्याने पुढचं रबर खराब होतं. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ कापड एवढं पुरे, आणि निर्जंतुकीकरणासाठी कंपनीने सांगितलेलंच द्रावण वापरा. ब्रुसेलोसिस या संसर्गजन्य रोगाचा धोका असल्याने प्रत्येक गोठ्यात, शक्यतो प्रत्येक जनावरामागे, हातमोजा बदला. केबल घट्ट गुंडाळली की ती प्रोबच्या मुळाशी तुटते, आणि ती दुरुस्ती महाग असते.

गर्भलिंगनिदानविरोधी १९९४ च्या कायद्यामुळे अल्ट्रासाऊंड यंत्रांवर सरकारी नजर असते. खरेदीआधी जिल्ह्याच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे चौकशी करा आणि उत्तर लेखी घ्या. विक्रेत्याच्या 'जनावरांचं आहे, काही लागत नाही' यावर जाऊ नका. जुनं मशीन घेत असाल तर प्रोबच्या चेहऱ्यावर थोडं जेल लावून कागदाच्या क्लिपची तार या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू सरकवा. पडद्यावर तिची खूण सलग सरकली पाहिजे. जिथे ती गायब होते तिथले क्रिस्टल (प्रोबमधले ध्वनिलहरी सोडणारे तुकडे) मेलेले आहेत, आणि असे दोन-चार पट्टे मध्यभागी असतील तर किंमत कितीही उतरवली तरी ते मशीन घेऊ नका.