बेळगाव कॅम्पातील मिलिटरी टेलर: निवृत्त फौजीची पदके बांधून घेण्याचा अनुभव

माझे थोरले बंधू २४ वर्षांची नोकरी पूर्ण करून मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून पेन्शन आले आणि पुढे २६ जानेवारीच्या यादीत त्यांना मानद नायब सुभेदार हा हुद्दा मिळाला. त्यांची पदके नीट बांधून, काचेच्या चौकटीत बसवून घेण्यासाठी आम्ही बेळगावच्या कॅम्प भागातील एका जुन्या दुकानात गेलो. दुकानाच्या पाटीवर ‘मिलिटरी टेलर’ एवढीच अक्षरे आहेत. काम उत्तम झाले, पण त्यासाठी आम्हाला तीन खेपा घालाव्या लागल्या. त्यातल्या पहिल्या दोन का वाढल्या, हे सांगितल्याशिवाय या दुकानाची किंमत कळणार नाही.

निवृत्त होणाऱ्या जवानाला पलटणीत बडा खाना म्हणजे सामूहिक मेजवानी मिळते, निशाणीचे स्मृतिचिन्ह मिळते आणि सगळे त्याला हार घालून निरोप देतात; ही पलटणीची रीत आहे आणि ती मनापासून पाळली जाते. हक्काच्या गोष्टी मात्र कागदावरच्या असतात: डिस्चार्ज बुक (नोकरीची आणि पदकांची नोंद असलेले पुस्तक), पीपीओ (निवृत्तिवेतनाचा आदेश), जिल्हा सैनिक कार्यालयाचे माजी सैनिक ओळखपत्र आणि नोंद झालेली पदके. मानद हुद्दाही नुसता शोभेचा नसतो, कारण सहाव्या वेतन आयोगानंतर मानद नायब सुभेदाराला निवृत्तिवेतनही त्याच हुद्द्याचे मिळते. उघड्या जीपमधून मिरवणूक, हलगी, वेशीवर ओवाळणी हे सारे गावाचे देणे आहे. ते प्रेमाचे असते, म्हणून त्यातल्या चुका सहसा कोणी काढत नाही.

आमच्या बाबतीत चुका ठळक होत्या. सत्काराचे सगळे काम आम्ही तालुक्याच्या गावातील एका इव्हेंटवाल्याकडे सोपवले होते. त्याने बॅनरवर ‘माजी सुभेदार’ असे छापले, म्हणजे दादांनी कधीही धारण न केलेला हुद्दा त्यांच्या नावाला चिकटवला आणि समोर पलटणीतले चार सोबती बसलेले असताना दादांना खाली मान घालावी लागली. पदकांची चौकटही त्यानेच केली होती. निळसर फीत उठून दिसते म्हणून त्याने कांगोतील शांतिसेनेचे संयुक्त राष्ट्रांचे पदक सर्वांत पुढे लावले होते आणि सहाही पदके गरम गोंदाने मखमलीवर चिकटवून टाकली होती. लष्कराने दिलेल्या पदकांच्या कडेवर जवानाचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. नेमके तेच गोंदाखाली गेले.

कॅम्पातल्या दुकानाच्या टेलर काकांनी ती चौकट पाहिली आणि काही न बोलता शिलाईचा जाड दोरा घेऊन एकेक पदक गोंदापासून कापून मोकळे केले. मग त्यांनी पहिला प्रश्न केला, ‘साहेब, डिस्चार्ज बुक आणलंय का?’ हवालदाराला पलटणीत साहेब म्हणत नाहीत, नायब सुभेदाराला म्हणतात, हे त्यांना ठाऊक होते; त्या एका शब्दाने दादा सत्काराच्या दिवशी बसले नव्हते तितके ताठ बसले. पुस्तक आम्ही नेले नव्हते, त्यामुळे पहिली खेप फुकट गेली. दुसऱ्या खेपेला आमचे चुलते सोबत होते. त्यांनी ‘बर्फात होताच की, सियाचीनचंही एक लावून टाका,’ असा आग्रह धरला. दुकानात पदकांच्या प्रती टांगलेल्या होत्याच, एक प्रत विकणे त्यांना सहज शक्य होते. पण उंच पहाडावरची नोकरी वेगळी आणि हिमनदीवरची वेगळी, नोंद असेल ते लावतो, असे सांगून काकांनी साफ नकार दिला. स्वातंत्र्याच्या ७५ व्या वर्षाचे पदक दादांना हाती मिळालेले नव्हते आणि इव्हेंटवाल्याने त्याची निकृष्ट प्रत लावली होती. तिच्या जागी चांगली प्रत बसवण्यापूर्वीही काकांनी पार्ट टू ऑर्डर, म्हणजे पदकाची नोंद करणारा पलटणीचा आदेश, मागितली. ती घेऊन येण्यात तिसरी खेप झाली.

पदके डाव्या छातीवर, गुंड्यांच्या पट्टीकडून खांद्याकडे उतरत्या मानाने लागतात. त्यानुसार आधी सैन्य सेवा पदक, मग उंच पहाडावरच्या नोकरीचे हाय अल्टिट्यूड, त्यानंतर स्वातंत्र्याच्या ७५ व्या वर्षाचे, मग २० वर्षांच्या नोकरीचे, ९ वर्षांच्या नोकरीचे आणि सर्वांत शेवटी संयुक्त राष्ट्रांचे, असा क्रम त्यांनी लावला. फिती ओल्या कापडाखाली इस्त्री करून सरळ केल्या आणि पदके एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मागून टाके घालून बसवली. सगळ्यांत उपयोगाची गोष्ट म्हणजे ही पट्टी चौकटीत कायमची अडकवलेली नाही. मागचे दार उघडून ती काढता येते आणि कोटावर लावता येते. नामपट्टीवर आधी मानद हुद्दा, मग नाव आणि शेवटी ‘निवृत्त’ असे त्यांनी स्वतःच लिहून दाखवले व आमची संमती घेतल्यावरच कोरायला दिले.

एकूण खर्च २,८०० रुपये आला, जो इव्हेंटवाल्याच्या चौकटीपेक्षा कमी आहे. उणिवाही आहेत. पक्के बिल मिळत नाही, दिलेली तारीख चार दिवसांनी पुढे गेली आणि फोन बहुधा उचलला जात नाही. काच जड आहे, ॲक्रिलिकचा पर्याय ठेवायला हवा होता. चौकट कुरिअरने पाठवत नाहीत. चंदगड, गडहिंग्लजकडच्या माणसाला एक वेळ चालेल, पुण्या-मुंबईच्या माणसाला मात्र हे गैरसोयीचे आहे. जाताना डिस्चार्ज बुक आणि मानद हुद्द्याचा कागद मूळ प्रतीसह न्यावा, झेरॉक्सवर ते काम हाती घेत नाहीत.

१४ जानेवारीला, म्हणजे फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली ज्या दिवशी निवृत्त झाले त्या दिवशी, माजी सैनिक दिन असतो. यंदा त्या कार्यक्रमासाठी दादांनी पट्टी पहिल्यांदा चौकटीतून काढून कोटावर लावली. परत बसवताना मागच्या दाराचा एक आकडा सैल झाल्याचे लक्षात आले आहे. पुढच्या महिन्यात बेळगावला जाणे होईल तेव्हा तो बदलून घेणार आहोत.