होम स्टुडिओचे १४ महिने: आधी काय बदलायला हवं होतं

माझ्या गिटारची पाचवी तार रेकॉर्डिंगमध्ये फुगायची. वाजवताना सहाही तारा एकसारख्या बोलायच्या, पण नंतर ऐकायला बसलो की ए कॉर्ड आला रे आला, खालून 'घूंऽऽ' असा एक गोळा वर यायचा आणि माझं गाणं त्यात बुडून जायचं. आधी तारा बदलल्या. मग गिटार दुरुस्तीला नेली. तिथल्या माणसाने दोन मिनिटं वाजवून पाहिली आणि हिला काही झालेलं नाही म्हणून परत दिली. मग दोष माईकचाच असणार असं ठरवून पहिल्यापेक्षा बराच महाग, दुसरा कंडेन्सर (बारीक आवाजही पकडणारा माईक) घेतला. त्यानेही तीच घूं पकडली, फक्त जास्त स्वच्छ.

हे पहिल्या ५ महिन्यांतलं. आता १४ महिने झालेत, बरंच सामान आलं, काही गेलं. कशाने किती फरक पडला ते लिहितोय, कारण मी ज्या क्रमाने खर्च केला तो जवळजवळ पूर्ण उलटा होता. गिटार आणि आवाज, एवढंच माझं काम. ड्रम किंवा मोठा वाद्यमेळ करणाऱ्यांचा हिशेब वेगळा असेल.

घूं सापडली ती चुकून. फोनवर एक टोन जनरेटर होता, त्यावर ११० हर्ट्झचा सूर लावून छोट्या स्पीकरवर सोडला आणि पाणी आणायला उठलो. दोन पावलं टाकली तर सूर अर्धा झाला. परत आलो, परत मोठा. मग वेड्यासारखा खोलीभर फिरलो. भिंतीला कान लावला की मोठा, मध्ये आलं की मोठा, अधेमधे जवळपास गायब.

नंतर कागदावर हिशेब मांडला. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या सुराची अर्धी लहर बरोबर मावते, तो सूर आणि त्याच्या पटीतले सूर खोली स्वतःच धरून ठेवते. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, खोली १० बाय १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर. पहिला सूर ५६ हर्ट्झचा येतो, दुसरा ११२ चा. गिटारची मोकळी ए तार असते ११० हर्ट्झची! त्यात लांबी-रुंदी सारखीच, त्यामुळे दोन्हीकडून एकाच सुराला खतपाणी. आणि मी खुर्ची कुठे टाकली होती? खोलीच्या बरोब्बर मध्यभागी, कारण तिथे ऐसपैस वाटायचं. ११२ चा जोर भिंतींपाशी आणि मध्यावर सर्वात जास्त असतो. म्हणजे दोन माईक आणून मी दोन्ही घूंच्या तोंडातच धरले होते.

खुर्ची आणि स्टँड एका कोपऱ्याच्या दिशेने, दोन्हीकडून साधारण दोन-दोन फूट सरकवला. ए तार बाकीच्या तारांच्या रांगेत येऊन बसली. पूर्ण नाही, पण मिक्समध्ये थोडा इक्यू (हवे ते सूर कमी-जास्त करणं) लावून भागेल इतकी. खर्च शून्य. त्या दिवशी आनंद व्हायला हवा होता, पण खरं सांगायचं तर दुसऱ्या माईकच्या खोक्याकडे बघून पोटात कालवाकालव झाली.

खोलीचा दुसरा त्रास म्हणजे घुमणं. उघड्या भिंतींमध्ये टाळी वाजवली की मागोमाग एक 'टर्रर्र' असा धातूसारखा आवाज यायचा. त्यावर मी आधी फोमचे तुकडे चिकटवले, साधारण ५ सेंटीमीटर जाडीचे. टाळीची टर्रर्र गेली, मी खूश. पण आवाज रेकॉर्ड केला तर कोणी घोंगडीखालून बोलतंय असं वाटायला लागलं. आवाज शोषणारी वस्तू किती खालचे सूर खाणार हे मुख्यतः तिच्या जाडीवर आणि भिंतीपासूनच्या अंतरावर ठरतं. २५० हर्ट्झच्या सुराची पाव लहरच ३४ सेंटीमीटरची. ५ सेंटीमीटरचा फोम तिथे काय करणार? तो वरचे, चकचकीत सूर खाऊन टाकतो आणि आवाज जिथे गढूळ होतो ते २०० ते ५०० हर्ट्झ तसेच सोडतो.

फोम उतरवला (रंगासकट उतरला, ती कहाणी वेगळी). त्याऐवजी १० सेंटीमीटर जाड रॉकवूलचे (दगडापासून केलेल्या लोकरीचे) चार पॅनेल केले. लाकडी चौकट, वर कापड, भिंतीपासून १० सेंटीमीटर लांब. ही मागची मोकळी जागा सोडायला जिवावर येतं, खोली आधीच लहान. पण त्या जागेमुळेच पॅनेल आणखी खालपर्यंत काम करतं. रॉकवूल कापताना हातमोजे आणि मास्क घाला, मी घातले नव्हते, दोन दिवस खाजवत बसलो. दोन पॅनेल गाणाऱ्याच्या पाठीमागे, दोन बाजूंना. पाठीमागे का, तर कार्डिऑइड (मुख्यतः समोरचंच ऐकणाऱ्या) माईकचं तोंड माझ्याकडे असतं, म्हणजे माझ्या पाठीमागची भिंतच तो सर्वात जास्त ऐकतो. मी सुरुवातीला सगळा फोम माईकच्या मागे लावला होता, जिथे तो जवळपास बहिरा असतो.

तिसरी गोष्ट अंतर. पूर्वी मी माईकपासून ३० सेंटीमीटरवर गायचो, आता १५. अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा आवाज आहे तेवढाच राहतो, म्हणून गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) खाली आणता येतो आणि खोली मागे पडते. जवळ गेल्यावर आवाजात थोडा जाडपणा येतो, प आणि फ चे फटके बसतात. त्यासाठी पॉप फिल्टर (माईकपुढची जाळी) लावला आणि माईक तोंडासमोर न धरता जरा बाजूला, तिरका ठेवला.

आता मुद्द्याचं. हे सगळं मी स्वतःच्या कानांनी ठरवलं असतं तर विश्वास ठेवू नका असंच म्हटलं असतं, कारण ज्या वस्तूवर पैसे गेलेत ती चांगलीच वाजते. म्हणून एक ठरलेला तुकडा केला: चार ओळी गाणं आणि आठ मात्रा गिटार. काहीही बदललं की तोच तुकडा, आणि एका वेळी एकच बदल. ऐकवण्याआधी सगळ्या फाइल्स एकाच लाउडनेसवर आणायच्या, नाहीतर एखादा डेसिबल मोठा असलेला टेक उगाच 'जिवंत' वाटतो. धाकट्या बहिणीला हेडफोन दिले आणि फाइल्सना नावं दिली क, ख, ग.

"दादा, ग मध्ये तू इथे बसलायस," ती म्हणाली. "क मध्ये तू बाथरूममध्ये उभा आहेस."

ग म्हणजे जुना, स्वस्त माईक, पॅनेलसह, १५ सेंटीमीटरवरून. क म्हणजे नवा माईक, उघड्या खोलीच्या मध्यावर, ३० सेंटीमीटरवरून. मग दोन्ही माईक एकाच चांगल्या जागी ठेवून जोड्या ऐकवल्या, १० वेळा. ६ वेळा तिने नवा ओळखला, ४ वेळा जुन्याला नवा म्हणाली. नाणं उडवूनही इतपत जमलं असतं. मला स्वतःला फरक ऐकू येतो, स च्या आवाजात नवा जरा मऊ आहे. पण त्याच्या किमतीएवढा मऊ? नाही.

माईकच्या माहितीपत्रकातल्या सेल्फ नॉईजच्या (माईकच्या स्वतःच्या सरसरीच्या) आकड्यालाही मी असाच भुललो होतो. रोडचा एनटी१-ए ५ डेसिबलचा आकडा मिरवतो आणि तो आकडा खरोखर उत्तम आहे. पण घरातली शांत खोलीसुद्धा साधारण ३० डेसिबलच्या आसपास असते. माईक ५ चा असो की १५ चा, कॉम्प्युटरचा पंखा दोघांनाही झाकून टाकतो. माझा खरा नॉईज तोच होता. टॉवर लांब केबलने टेबलापलीकडे नेला, माईकची पाठ त्याच्याकडे केली, आणि शांत जागांमधली सरसर गेली. छताचा पंखा टेकपुरता बंद. उन्हाळ्यात टेक आपोआप छोटे होतात.

इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडणारा बॉक्स) बदलला तो १०व्या महिन्यात. आवाज सुधारला का? कंडेन्सरवर काहीच नाही. पण मधे मित्राचा शुअर एसएम७बी वापरायला मिळाला, तेव्हा जुन्या इंटरफेसची धाप ऐकू आली. हा डायनॅमिक माईक फार कमी सिग्नल देतो, साध्या बोलण्यासाठीही ६० डेसिबलच्या घरात गेन लागतो. माझा जुना बॉक्स तिथपर्यंत नॉब पूर्ण फिरवून जेमतेम पोचायचा आणि वर सूंऽऽ जोडायचा. म्हणजे डायनॅमिक माईक घेणार असाल तर इंटरफेसमधल्या प्रीअँपकडे (सिग्नल वाढवणाऱ्या भागाकडे) आधी बघा. कंडेन्सरच वापरत असाल तर तो खर्च पुढे ढकला.

सेटिंगमध्ये मात्र एक फुकटची सुधारणा होती. मी लेव्हल लाल रेघेला टेकवून रेकॉर्ड करायचो आणि गाणं चढलं की क्लिप व्हायचं, म्हणजे आवाज फाटायचा. २४ बिट रेकॉर्डिंगला कागदावर १४४ डेसिबलची रेंज असते, प्रत्यक्ष कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे करणारा भाग) त्याच्या बरेच अलीकडे थांबतो, तरीही उणे १२ डेसिबलवर शिखर ठेवलं तर गमवायला काहीच नाही. त्यानंतर एकही टेक क्लिप होऊन वाया गेलेला नाही.

मॉनिटर, म्हणजे मिक्स ऐकायचे स्पीकर, हा माझा दुसरा पश्चात्ताप. लहान खोलीत, भिंतीला चिकटून ठेवले. बास फुगलेला ऐकू यायचा, मी तो कापायचो आणि तेच मिक्स बाहेर कुठे वाजवलं तर पापडासारखं पातळ. भिंतीपासून पुढे ओढले तेव्हा थोडे सुधारले. आता निर्णय मी ओपन-बॅक (मागून उघड्या) हेडफोनवर घेतो आणि मॉनिटरवर फक्त तपासतो. गाताना क्लोज्ड, नाहीतर क्लिकचा (ताल धरायच्या ठोक्यांचा) टकटकाट माईकमध्ये शिरतो. माझ्या बहिणीच्या परीक्षेत हेडफोन बदलल्याने अर्थातच रेकॉर्डिंग बदललं नाही, पण मी कमी चुकायला लागलो आणि तेही मोजायला हवं.

महागडी केबल: काही नाही. ९६ किलोहर्ट्झ सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने): फाइल्स दुप्पट झाल्या, बाकी काही नाही. शॉकमाउंट (माईकला हादरे न लागू देणारी पकड): लाकडी फरशीवर पाय आपटायची सवय असेल तर हवाच.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. पॅनेल खोलीतलं घुमणं खातात, बाहेरचा आवाज अडवत नाहीत. त्याला जड भिंत आणि दाराच्या फटी बुजवणं लागतं. दाराखाली रबरी पट्टी लावली, थोडा फरक पडला. गाड्यांची घरघर रात्री ११ नंतर कमी होते, म्हणून गाणी आता ११ नंतर. दुसरा माईक विकायला काढला होता. मग एकदा तो गिटारच्या बाराव्या फ्रेटसमोर आणि जुना तोंडासमोर ठेवून दोन्ही एकदम रेकॉर्ड केले, आणि जाहिरात काढून टाकली.